तिसऱ्या खांबाचा टवका

टेबलावर दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली होती आणि मी हातात भिंग घेऊन एकाच जागी खिळून बसलो होतो. पहिल्या छायाचित्रात भरजरी शालू, नाकात नथ, केसांत वेणी आणि डावा कोपर एका कोरीव कठड्यावर टेकवलेली तरुणी होती. म्हणजे तरुणी नव्हे, शंभर वर्षांपूर्वी एका फिरत्या नाटक मंडळीत नायिकेची कामे करणारा विशीतला मुलगा. दुसऱ्या छायाचित्रात पागोटे घातलेले एक पोक्त गृहस्थ खुर्चीत बसले होते, शेजारी त्यांची नऊवारीतली पत्नी अवघडून उभी होती आणि तिच्या मागे तोच कठडा होता. डावीकडून तिसऱ्या खांबाच्या पोटावर एक टवका उडालेला होता. दोन्ही छायाचित्रांत, त्याच जागी, त्याच आकाराचा.

माझ्या मागच्या फळीवर त्याच कठड्याची प्रतिकृती उभी होती. अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात मी नेपथ्याचे मॉडेल केले होते, आणि त्यात तो कठडा, त्याच्या वरची कमान, कमानीतून दिसणारे तळे आणि तळ्यापलीकडचा धूसर महाल हे सगळे छायाचित्रावरून मोजून मापून उतरवले होते. हे त्या मंडळीच्या रंगमंचावरचे दृश्य आहे, अशी माझी खात्री होती. आता कळत होते की तो कठडा नायिकेचाही नव्हता आणि पागोटेवाल्या गृहस्थांचाही नव्हता. तो फोटो स्टुडिओचा होता. ज्याने पैसे मोजले त्याच्या कोपराखाली तो जात असे.

झाले होते ते असे. एक तरुण दिग्दर्शिका नवे संगीत नाटक बसवत होती. तिचे पणजोबा १९१५ ते १९२५ च्या सुमारास एका छोट्या मंडळीत स्त्रीपार्टी नट होते. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची एकतीस छायाचित्रे निघाली, काही घरच्या नातेवाइकांचीही त्यांत मिसळलेली, आणि त्या छायाचित्रांवरून तिने व तिच्या लेखक मित्राने मिळून दोन अंकांचे नाटक रचले. नऊ पदे होती आणि प्रत्येक पद एकेका छायाचित्रातून सुचलेले होते. मला तिने फोनवर एवढेच सांगितले, "सर, सेट फोटोंतूनच आला पाहिजे." मी ते वाक्य अक्षरशः घेतले, आणि महिनाभराची मेहनत वाया घालवली.

तो टवका सापडल्यावर मी छायाचित्रे नव्याने पाहू लागलो, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली, जी मला नेपथ्याच्या धंद्यात तीस वर्षे काढूनही सुचली नव्हती. त्या काळातल्या नाटकांचे प्रत्यक्ष रंगमंचावरचे छायाचित्र फारसे मिळतच नाही. मिळणार कसे? प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, उजेड गॅसच्या बत्त्यांचा किंवा नुकत्याच आलेल्या विजेचा, आणि काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला लागणारा प्रकाश त्यांच्या कितीतरी पट. मॅग्नेशियमची पूड पेटवून क्षणभर लखलखाट करता येत असे. पण भरल्या थिएटरात भर पदात तो धूर कोण सहन करणार? म्हणून नट मंडळी दिवसा, पोशाख आणि रंग चढवून, स्टुडिओत जात. तिथे काचेच्या छतातून किंवा उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीतून येणाऱ्या सौम्य उजेडात ती उभी राहत. बालगंधर्वांची जी रूपे आपण नाट्यगृहांच्या भिंतींवर पाहत मोठे झालो, त्यांतली बहुतेक अशीच स्टुडिओतली आहेत. आपण त्यांच्याकडे पाहून 'काय ते नाटक असेल' म्हणत असतो, आणि पाठीमागे असतो तो भाड्याचा महाल.

मग खऱ्या रंगमंचावर काय होते? पडदे होते. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श त्याआधी १९०८ मध्ये, आणि या दोन बड्या मंडळ्यांच्या सावलीत गावोगाव हिंडणाऱ्या लहान मंडळ्यांचा संसारही रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्यांवरच चाले. राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य, तुरुंग. पाच-सात पडदे असले की पुराणातले किंवा इतिहासातले कोणतेही नाटक उभे करता येई. पुढच्या बाजूला रस्त्याचा पडदा सोडून दोन विनोदी पात्रांचा छोटा प्रवेश चालू ठेवायचा, तेवढ्यात मागे राजवाड्याची मांडामांड उरकायची, हे इतके ठरलेले होते की नाटककार प्रवेशांची रचनाही तशीच करत. आज वाचताना जो विनोदी प्रवेश ओढूनताणून घातलेला वाटतो, तो बऱ्याचदा मागे सिंहासन सरकवणाऱ्या माणसांसाठी लिहिलेला असतो. हे वाचकाला कळत नाही. बॅकस्टेजवाल्याला पहिल्या वाचनात कळते.

आणि हे पडदे रंगवणारे हात साधे नव्हते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे आधी नाटकांच्या पडद्यांसाठी नावाजले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे सहकाऱ्यांच्या मदतीने कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये आपला पहिला चित्रपट आणला. ललितकलादर्शसाठी पु. श्री. काळे यांनी रंगवलेल्या पडद्यांबद्दल आमच्या आधीच्या पिढीचे लोक पदांइतकेच तन्मयतेने बोलत. 'पडदा' हा शब्द मराठीने नाटकाच्या आणि सिनेमाच्या दोन्ही कापडांसाठी एकच ठेवला, यात भाषेचा आळस नसून इतिहास आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

या पडद्यांपैकी एखादा तरी डोळ्यांनी पाहावा म्हणून मी कोल्हापूरला गेलो. मिळाला नाही. कापड कशाने टिकेल? ओल, वाळवी, घड्या, आणि नवे दृश्य हवे झाले की जुन्यावरच पुन्हा रंगवण्याची काटकसर. केशवराव भोसले नाट्यगृहासमोर जाऊन उभा राहिलो. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाली, तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. तिथे मी फार वेळ थांबलो नाही.

पण त्या फेरीत एक पेंटरकाका भेटले. उमेदीच्या काळात सिनेमाचे बॅनर रंगवलेले, आणि त्याआधी पोरवयात एका पडदे रंगवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली सरस, म्हणजे रंग कालवायचा चिकट गोंद, शिजवलेले. मी त्यांना दोन्ही छायाचित्रे दाखवली आणि माझी फजिती सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी टवक्याकडे पाहिलेच नाही. त्यांचे बोट थेट छायाचित्राच्या तळाशी गेले, जिथे रंगवलेले कापड भिंतीवरून खाली येऊन जमिनीवर टेकत होते. तिथे तळ्याच्या पाण्यात एक आडवी चुणी पडली होती. नीट पाहिल्यावरच दिसेल अशी, पण एकदा दिसली की तळे पुन्हा तळे होत नाही असली.

"आवं, कापड हाय म्हटल्यावर चुणी पडणारच की," ते म्हणाले. "ह्यो पडदा फोटोसाठनंच रंगवल्याला. समदा राखाडी असंल बघा. रंगीत करून काय उपेग, फोटोत कुठं रंग येतोय?"

या एका वाक्याने माझे नेपथ्य उलटे झाले. स्टुडिओतले पडदे पुष्कळदा काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटांतच रंगवलेले असत, कारण छायाचित्रकाराला रंगांशी कर्तव्य नव्हते, उजेड-अंधाराशी होते. म्हणजे त्या खोलीत प्रत्यक्ष उभे राहिले असते तर काय दिसले असते? मागे राखी महाल, राखी तळे, राखी झाडे. आणि त्यापुढे लालभडक कुंकू लावलेला, हिरव्या बांगड्यांचा, जरीच्या शालूतला एक माणूस. छायाचित्राने दोघांना एकाच रंगात बुडवले म्हणून ते एका जगातले वाटतात. त्या खोलीत मात्र ते एका जगातले नव्हते.

रंगांचा विषय निघाला म्हणून वेशभूषेतली एक गंमत सांगतो. आमच्या वेशभूषाकार बाईंनी त्या पहिल्या छायाचित्रावरून नायिकेसाठी काळा शालू निवडला होता, कारण छायाचित्रात तो काळाच दिसत होता. शालू खरेदी करायला त्या सासूबाईंना घेऊन गेल्या, तेव्हा दुकानातच सासूबाईंनी विचारले की लग्नाच्या प्रवेशात काळे नेसणारी ही कोण नायिका. प्रश्न बिनतोड होता. उत्तर प्लेटच्या रसायनात सापडले. त्या काळातल्या वापरातल्या बहुतेक प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून निर्धास्तपणे त्या धुऊ शकत. प्लेटला जे दिसत नाही ते छपाईत काळे येते. उलट निळ्या रंगाला त्या फार लवकर भुलत, म्हणून आकाश पांढरेफटक आणि निळी पैठणी धुवट दिसते. एकतीसही छायाचित्रांत प्रत्येक कपाळावरचे कुंकू काळे आहे, आणि इतके दिवस आम्हांपैकी कोणालाही त्याचे नवल वाटले नव्हते. शालू डाळिंबी घेतला.

दिग्दर्शिकेची मूळ कल्पना मागे मोठा एलईडी पडदा लावून त्यावर मूळ छायाचित्रे दाखवण्याची होती. मी तिला विरोध केला, आणि इथे माझे मत थोडे हट्टी आहे हे मान्य करतो. गाणाऱ्या नटाच्या मागे दहा फुटी चेहरा लावला की प्रेक्षक चेहरा बघतो आणि गाणे ऐकतो. नट नावाचा मधला माणूस कोणालाच लागत नाही. शिवाय तो चेहरा कोणाच्या तरी पणजोबांचा, खराखुरा, डोळे रोखून पाहणारा. त्याच्यापुढे आपला जिवंत नट नकलेसारखा दिसणार. ती दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग फोटो दिसणार कुठे?" मी म्हणालो की फोटो दिसायचा नाही, काढला जायचा.

हे बोलताना मला स्वतःला त्याचा नेमका अर्थ ठाऊक नव्हता. तो तालमीत कळला. पाचवे पद चालू होते. मुलगा दिसायला बेताचा पण आवाजाचा गोड होता, आणि पद सुरू झाले की त्याला हातांचे काय करावे ते कळेना. संगीत नाटकात पद लागले की गोष्ट थांबते. नायक दाराशी येऊन उभा आहे, पत्र हातात आहे, पण आलाप संपेपर्यंत कोणी ते उघडत नाही, आणि वन्समोअर मिळाला तर सगळे पुन्हा तिथेच थांबते. स्टुडिओतही तेच. कॅमेऱ्याच्या तोंडावरचे टोपण काढल्यापासून परत बसवेपर्यंत सेकंद-दोन सेकंद, कमी उजेडात त्याहून जास्त, श्वास रोखून उभे राहायचे. मान हलू नये म्हणून मागून टेकू दिलेला असे आणि हात हलू नये म्हणून तो कशावर तरी ठेवायला सांगत. कठडा त्यासाठी होता! तो शोभेचा नव्हताच. आमच्या मुलाला मी तात्पुरता एक स्टूल दिला आणि कोपर टेकून गायला सांगितले. त्याचा खांदा सैल झाला, आणि आवाजही.

तेव्हा कठडा परत आला. माझे महिनाभराचे काम थोडे तरी सार्थकी लागले, फक्त आता तो महालाचा भाग नव्हता. लाकडाचा, खाली चाके लावलेला, उघडपणे सामानातला. कोणत्याही प्रवेशात कोणीही तो ढकलत आणावा, त्यावर कोपर टेकवावा आणि गावे. मिस्त्रींना मी तिसऱ्या खांबाला टवका पाडायला सांगितला, तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली. "नवीन कामाला मी हाताने खोट काढू?" शेवटी तो टवका मीच पाडला, ते बाहेर चहाला गेले असताना.

राहिला कॅमेरा. तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा, त्यावर काळे फडके, हे दृश्य इतके ओळखीचे झाले आहे की ते मांडले असते तर नाटक पंधरा मिनिटांत जाहिरातीसारखे दिसू लागले असते. मी कॅमेरा ठेवलाच नाही. तो जिथे उभा राहिला असता, रंगमंचाच्या अगदी पुढे, मधोमध, प्रेक्षकांना पाठमोरा, तिथे ऑर्गन ठेवला आणि त्याच्या डाव्या अंगाला तबला. जुन्या प्रयोगांत साथीदार रंगमंचापुढच्या खालच्या जागेत बसत. आताच्या नाट्यगृहांत त्यांना विंगेत किंवा एका कडेला सारतात. मी त्यांना आणखी एक पाऊल पुढे, खाली दीड फुटाच्या खळग्यात बसवले, जेणेकरून नटाची नजर आपोआप त्यांच्यावर पडावी. छायाचित्रकाराकडे पाहून माणूस ज्या नजरेने थांबतो, जरा भीत, जरा भरवसा टाकत, त्याच नजरेने आमचा गायक सुरासाठी ऑर्गनकडे पाहू लागला. हे मी ठरवून केले असे सांगायला मला आवडले असते. निम्मे ठरवून होते, निम्मे त्या नाट्यगृहात विंगेला जागा नव्हती म्हणून.

पडदा आम्ही कोल्हापुरातच, पेंटरकाकांच्या देखरेखीखाली रंगवला. बावीस फूट रुंद आणि चौदा फूट उंच मांजरपाट, पाट जोडून शिवलेला, लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणलेला. त्यावर आधी सरस आणि खडूच्या पुडीचा हात. वाळल्यावर कोळशाने चौकोन आखून छोट्या चित्रातला प्रत्येक चौकोन मोठा करत न्यायचा. रंग सरसात कालवलेले, आणि त्यांचा एक खोडसाळ स्वभाव असा की ओले असताना जेवढे गडद दिसतात त्याहून वाळल्यावर बरेच फिके पडतात. मला ही गोष्ट पाठ होती, तरी पहिल्या दिवशी मी झाडांची छटा फिकी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडे धुक्यात गेली होती. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लांबची झाडं अशीच असत्यात." जवळची झाडे मग त्यांनी स्वतः रंगवली. राखी रंग नुसता काळा-पांढरा मिसळून त्यांनी केला नाही; त्यात चिमूटभर काव, म्हणजे तांबडी माती, टाकली, कारण नुसता राखी दिव्याखाली मेल्यासारखा दिसतो. प्रकाशयोजनाकाराने एलईडीचे दिवे लावून पाहिले तेव्हा याचा प्रत्यय आला. कावेमुळे मेला नाही एवढेच. पण सगळे तळे निळसर, थंडगार पडले. शेवटी जुन्या हॅलोजनवर पिवळट जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावल्यावर त्या पाण्यात जीव आला.

आवाजाचा लाभ मात्र अनपेक्षित होता. तालमीत आम्ही मागे कोरा मांजरपाट टांगला होता आणि गायक सारखी तक्रार करत होता की आवाज मागे जातो तो परतच येत नाही. रंगवलेला पडदा लागला त्या दिवशी त्याने तक्रार केली नाही. सरस आणि खडू प्यालेले कापड थोडे ताठ होते, भोके बुजतात, आणि कोऱ्या कापडाइतका सूर गिळत नाही. जुन्या मंडळ्या ध्वनिवर्धकाशिवाय भरल्या थिएटरला पद ऐकवत त्यात गळ्याचे श्रेय मोठे आहेच, पण मला आता त्या सरसालाही थोडे द्यावेसे वाटते.

टेम्पोचा हिशेब दोन वाक्यांत आटोपतो. कठडा, चार कमानी आणि दोन लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे उंच चौथरे, एका टेम्पोत मावल्या पाहिजेत आणि दोन तासांत लागल्या पाहिजेत, नाहीतर निर्माता नावाचा मनुष्य नेपथ्यकाराशी बोलणे सोडतो. पडदा बांबूवर गुंडाळून टपावर गेला.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मी पहिल्या घंटेच्या आधी प्रेक्षागृहात जाऊन मधल्या रांगेतून रंगमंच पाहिला आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटले. महाल जागेवर, तळे जागेवर, कठडा डावीकडे उभा. तरी सगळे खोटे दिसत होते. म्हणजे चांगल्या अर्थाने खोटे दिसायला हवे होते ते न दिसता, खरे भासवण्याच्या खटाटोपाने खोटे दिसत होते. दोन मिनिटांनी कारण सापडले. पडदा जमिनीला टेकतो तिथली चुणी नाहीशी झाली होती. आम्ही तालमीत पडदा मुद्दाम सहा इंच लांब सोडून, बांबू किंचित पुढे ओढून ती चुणी पाण्याच्या मधोमध पाडली होती. बॅकस्टेजच्या नव्या मुलाला ती चूक वाटली. त्याने मनापासून, कोणी न सांगता, कप्पीवरची दोरी आवळली, बांबू मागे सरकवला, कापड ताणले, कडेला चार खिळे मारले आणि वर ओल्या फडक्याने घडीची रेघही पुसून काढली होती.

"सर, मस्त बसवलाय बघा आता," तो विंगेतून म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मला रागावता आले नाही. मी त्याच्याकडून हातोडी मागून घेतली. बाहेर दुसरी घंटा झाली. ऑर्गनवाले खाली खळग्यात येऊन बसले आणि त्यांनी पट्टी धरून सूर तपासायला सुरुवात केली. मी पडद्याच्या पायथ्याशी गुडघे टेकून एकेक खिळा उपटत होतो आणि तो मुलगा शेजारी उभा राहून, अजूनही अविश्वासाने, खिळे हातात गोळा करत होता.

"दोरी सोड," मी म्हणालो. "अजून थोडी. आणखी. बास."